बावीस बाइटांचा नमस्कार

आमच्या संस्थेकडे जुन्या मराठी नियतकालिकांचं संकलन आहे. अंक स्कॅन करायचे, ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने) त्यातला मजकूर काढायचा आणि मग तो माणसाने ओळ न् ओळ तपासायचा, असं काम चालतं. तपासण्याचा भाग माझ्याकडे आहे. मी सांगलीत घरी बसून ते करते. फाइली मात्र जर्मनीतल्या एका डेटा सेंटरमध्ये, भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवर असतात. त्या मी उतरवून घेत नाही. ईमॅक्स या एडिटरमधून तिथल्या तिथे उघडते, दुरुस्त करते आणि तिथेच सेव्ह करते. एकाच लेखाच्या चार ठिकाणी चार प्रती झाल्या की खरी कोणती हे ठरवण्यातच जीव जातो, म्हणून ही पद्धत मी आग्रहाने धरली आहे.

गेल्या पावसाळ्यात सर्व्हर जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर हलवला आणि त्या दिवसापासून एकही फाइल उघडेना. फाइलचं नाव दिलं की खालच्या ओळीत 'दूरच्या शेलच्या प्रॉम्प्टची वाट पाहत आहे' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश यायचा आणि सगळं तिथेच अडायचं. शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आणि प्रॉम्प्ट म्हणजे 'आता टाइप करा' हे सांगायला तो दाखवतो ती खूण. ही वाट पाहण्याची मुदत मुळात ६० सेकंदांची असते. तेवढा वेळ ईमॅक्समध्ये दुसरं काहीच करता येत नाही. कंट्रोल-जी दाबून सुटका करून घ्यायची, नाहीतर मुदत संपून एरर येईपर्यंत बसून राहायचं.

पुढचं सगळं समजायला ईमॅक्समध्ये हे काम कसं होतं ते थोडं सांगायला हवं. ते करणाऱ्या पॅकेजचं नाव ट्रॅम्प. काय ग्रोसयोहान यांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये ते लिहायला घेतलं. २००७ साली आलेल्या ईमॅक्स २२ पासून ते ईमॅक्सबरोबरच येतं आणि गेली अनेक वर्षं मिखाएल आल्बिनुस ते सांभाळत आहेत. त्याआधी ईमॅक्समध्ये अँज-एफटीपी होतं, पण त्याला समोर एफटीपी, म्हणजे फाइलींच्या देवघेवीसाठीचा खास, सर्व्हर लागायचा. ट्रॅम्पचं मागणं याहून कमी आहे. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायच्या नेहमीच्या सोयीने, लॉगिन करता आलं आणि समोर साधा शेल असला की पुरे, सर्व्हरवर वेगळं काही बसवावं लागत नाही. आमच्या सर्व्हरला एक जीबी रॅम आहे, त्यामुळे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण हे साधतं कसं? दूरच्या कचेरीतल्या कारकुनाला फोन लावून त्याच्याकडून दप्तरातले कागद वाचून घ्यावेत, तसं ट्रॅम्प काम करतं. ते एसएसएचने आत शिरतं आणि आपण टर्मिनलमध्ये टाइप करतो तशा कमांड टाइप करतं. फाइल आहे का, वाचायची परवानगी आहे का, कधी बदलली, हे सगळं शेललाच विचारतं आणि आलेलं उत्तर वाचून अर्थ लावतं. फाइल छोटी असेल तर तिचा मजकूर बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षर-अंकांच्या रूपात, गुंडाळून त्याच संभाषणातून आणतं. एखादा धागा मिनिटभर वापरला नसेल तर पुढची कमांड पाठवण्याआधी 'आर यू अवेक' एवढे शब्द समोरून वदवून घेतं. ते शब्द परत आले म्हणजे जोडणी जिवंत आहे.

म्हणजे समोरच्या शेलने पडद्यावर जे काही छापलं ते सगळं ट्रॅम्पच्या कानावर पडतं. रंग, स्वागत, डिस्कची जागा, घड्याळ, यांतलं काहीही. माणूस त्यातलं नको ते नजरेआड करतो. प्रोग्रामला तसं करता येत नाही.

सर्व्हर सांभाळणारा आमचा सहकारी पुण्यात असतो. त्याला फोन केला.

"ताई, माझ्याकडून तर सगळं उघडतंय," तो म्हणाला.

"तू कशातून उघडतोस?"

"व्हीएस कोडमधून."

त्याचं म्हणणं खरं होतं, पण माझ्या अडचणीला त्याचा उपयोग नव्हता. व्हीएस कोडची दूरवरून काम करायची सोय सर्व्हरवर स्वतःचा एक मदतनीस प्रोग्राम बसवते आणि पुढचं बोलणं त्याच्याशी होतं. त्याच्या एडिटरचा रस्ता वेगळा आणि माझ्या एडिटरचा वेगळा. त्याचं चालतं यावरून इतकंच कळत होतं की मशीन चालू आहे आणि नेटवर्क ठीक आहे.

मग मी एकेक थर वेगळा करत गेले. आधी साध्या टर्मिनलमधून एसएसएच करून पाहिलं. लगेच आत गेले, म्हणजे किल्ली, पोर्ट आणि यूजरचं नाव बरोबर होतं. नंतर ईमॅक्स माझ्या सेटिंगशिवाय सुरू केलं. कमांडपुढे वजाचं चिन्ह आणि मोठा क्यू लावला की ते आपली कोणतीही फाइल न वाचता कोरं उघडतं. त्यातही तेच झालं, त्यामुळे माझ्या इतक्या वर्षांत साठलेल्या सेटिंगवरचा संशय गेला. ईमॅक्सच्या फोल्डरमध्ये ट्रॅम्प नावाचीच एक फाइल असते, तीत दर सर्व्हरबद्दल आधी कळलेल्या गोष्टी साठवलेल्या असतात. समोरचं मशीन बदललेलं असल्यामुळे तीही काढून टाकली. काही फरक पडला नाही, पण जुनी माहिती मध्ये येत नाही याची खात्री झाली.

एवढं झाल्यावर मी सेटिंग बदलून बघायचं थांबवलं आणि संभाषण ऐकायला घेतलं. माझ्या मते खरं शोधकाम इथे सुरू होतं. इंटरनेटवर ट्रॅम्प अडकण्यावर पुष्कळ उपाय सापडतात आणि प्रत्येक उपाय कोणाच्या तरी खऱ्या अडचणीवर लागू पडलेला असतो. पण आपली अडचण तीच आहे की नाही हे लॉग, म्हणजे त्या संभाषणाची नोंद, वाचल्याशिवाय कळत नाही.

ट्रॅम्प-व्हर्बोस नावाचं एक चल आहे. त्याची किंमत मुळात ३ असते, तेव्हा फक्त जोडणीबद्दलचे मोजके संदेश दिसतात. ती ६ केली की ट्रॅम्पने पाठवलेली आणि त्याला परत आलेली प्रत्येक ओळ एका वेगळ्या बफरमध्ये, म्हणजे ईमॅक्समधल्या मजकुराच्या वेगळ्या पानावर, उतरते. १० वर नेली तर आतल्या घडामोडींचा इतका ढीग पडतो की हवं ते त्यात बुडून जातं. बहुतेक वेळा ६ पुरतं.

बफर उघडला. प्रत्येक नोंदीपुढे वेळ, ट्रॅम्पमधल्या फंक्शनचं नाव आणि कंसात पातळीचा आकडा. वरच्या भागात ट्रॅम्पने आपल्याच मशीनवर एक शेल उघडून त्यात एसएसएचची कमांड दिली होती. त्याखाली सर्व्हरचं उत्तर होतं. पहिली ओळ 'नमस्कार'. मग रंगांचे कोड, एस्केप अक्षर आणि चौकोनी कंसांची रांग. त्यात कुठेतरी फोल्डरचं नाव, उजवीकडे सरकवलेली वेळ, मग पुढची ओळ आणि त्या ओळीत बाणाच्या टोकासारखी एकच खूण. त्यापुढे काहीच नाही. तिथून पुढची नोंद थेट मुदत संपल्याची.

ट्रॅम्प प्रॉम्प्ट ओळखतं ते त्याच्या शेपटावरून. ओळीच्या शेवटी हॅश, डॉलर, टक्क्याचं चिन्ह, 'पेक्षा मोठे'चं चिन्ह किंवा बंद होणारा चौकोनी कंस दिसला की समोरचा शेल आता ऐकायला तयार आहे असं ते समजतं. पूर्वीच्या मशीनवर आमचा शेल बॅश होता आणि प्रॉम्प्ट डॉलरवर संपायचा. नव्या मशीनवर सगळ्यांचा शेल झेडएसएच केलेला होता आणि सगळ्यांना एकसारखा, दोन ओळींचा, रंगीत प्रॉम्प्ट दिलेला होता. टर्मिनलमध्ये तो खरोखर देखणा दिसतो. मात्र त्याच्या शेवटची बाणाची खूण माझ्या ईमॅक्सच्या आवृत्तीतल्या यादीत नव्हती. शेल तयार होऊन बसला होता आणि ट्रॅम्प त्याच्या इशाऱ्याची वाट पाहत होतं.

यावर एक खात्रीची चाचणी आहे. ट्रॅम्पमध्ये एसएसएच या पद्धतीशेजारी एसएसएच-एक्स नावाची पद्धत आहे. ती लॉगिनचा नेहमीचा शेल पुढे न करता थेट साधा 'एसएच' शेल मागते. फाइलच्या नावात तेवढा एक शब्द बदलला आणि फाइल क्षणात उघडली. प्रॉम्प्टच आडवा आला होता हे नक्की झालं.

तशीच एक्सवाली पद्धत वापरत राहता आलं असतं. पण मला मूळ जागी दुरुस्ती हवी होती, कारण संस्थेतल्या आणखी एक-दोघांनी माझ्याकडे बघून ईमॅक्स वापरायला सुरुवात केली आहे आणि प्रत्येकाला नवी वाट शिकवत बसण्यात अर्थ नाही. ट्रॅम्प आत शिरताना आपलं टर्मिनल 'डम्ब' प्रकारचं आहे असं जाहीर करतं. म्हणजे रंग नकोत, कर्सर इकडेतिकडे नेऊ नका, सरळ अक्षरं पाठवा. सभ्य प्रॉम्प्टने ते ऐकून गप्प बसायला हवं. आमचा ऐकत नव्हता. म्हणून सर्व्हरवरच्या माझ्या होम फोल्डरमधल्या झेडएसएच-आरसी फाइलमध्ये मी एक अट लिहिली. टर्मिनलचा प्रकार डम्ब असेल तर झेडएसएचचा ओळ-संपादक बंद कर, प्रत्येक प्रॉम्प्टआधी चालणारी फंक्शनं काढून टाक, प्रॉम्प्ट म्हणून फक्त डॉलर आणि एक मोकळी जागा ठेव. झेडएसएच सगळ्यांसाठीची सामाईक फाइल आधी वाचतो आणि वैयक्तिक फाइल नंतर, त्यामुळे माझी अट शेवटी लागू होते. टर्मिनलमध्ये रंगीत प्रॉम्प्ट जसाच्या तसा राहिला आणि ट्रॅम्पला डॉलर दिसू लागला.

फाइली उघडू लागल्या, पण सगळ्या नाहीत.

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगते. कविता उघडत होत्या. जाहिराती, पोचपावत्या, संपादकांना आलेली छोटी पत्रं उघडत होती. अग्रलेख उघडत नव्हते. क्रमशः चालणारी कादंबरी तर एकाही हप्त्याला उघडत नव्हती. फोल्डरची यादी मात्र नीट दिसत होती. ती यादी आकारमानाप्रमाणे लावून वरून खाली एकेक फाइल उघडून पाहिली तेव्हा सीमारेषा स्पष्ट झाली. सुमारे दहा हजार बाइटांच्या आतल्या सगळ्या फाइली येत होत्या, त्यापुढची एकही येत नव्हती.

ट्रॅम्पमध्ये अशी रेषा खरोखरच आखलेली आहे. मी नेहमीची, म्हणजे एससीपी ही पद्धत वापरते. या पद्धतीत १०,२४० बाइटांपर्यंतची फाइल ट्रॅम्प शेलच्या संभाषणातूनच आणतं. त्याहून मोठी असेल तर एससीपी हा फाइलींची नक्कल आणणारा वेगळा प्रोग्राम चालवून आणतं, कारण मोठी फाइल बेस-६४ मधून ओढणं हळू पडतं. इंग्रजी मजकुराच्या हिशेबाने दहा हजार बाइट म्हणजे पाच-सहा पानं होतील. देवनागरीचं तसं नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. साधारण ३,४०० चिन्हांत ती मर्यादा संपते, म्हणजे छापील दीड-दोन पानांत. त्यामुळे ही रेषा माझ्या कामात बरोबर कविता आणि अग्रलेख यांच्या मधून जात होती.

म्हणजे पहिला रस्ता मोकळा झाला होता आणि दुसरा अजून बंद होता. ट्रॅम्प बाजूला ठेवून मी टर्मिनलमधून हाताने एससीपी चालवलं. उत्तर आलं की मिळालेला संदेश फार लांब आहे, आणि पुढे आकडा होता ३७६८८८७५२०.

ज्याने हे आधी पाहिलेलं नाही त्याला वाटेल की फाइलच प्रचंड आहे. सुमारे ३७७ कोटी बाइट! खरी गोष्ट अशी की ओपनएसएसएच (एसएसएच आणि एससीपी ज्या संचात येतात तो) ९.०, म्हणजे एप्रिल २०२२ पासून एससीपी आतून एसएफटीपी या नियमावलीने बोलतं. या नियमावलीत प्रत्येक संदेशाचे पहिले चार बाइट म्हणजे त्या संदेशाची लांबी. समोरून नियमावलीचा संदेश येण्याआधी दुसरंच काही आलं, तर त्या भलत्याच मजकुराचे पहिले चार बाइट लांबी म्हणून वाचले जातात. लांबीची कमाल मर्यादा २५६ किलोबाइट असल्यामुळे प्रोग्राम तिथेच थांबतो. मग हा आकडा उलटा वाचला की आगंतुक मजकुराची पहिली चार बाइटं हातात येतात.

ईमॅक्समध्ये कोणताही आकडा दिला की तो षोडशमान, म्हणजे सोळाच्या पायाच्या, पद्धतीतही दिसतो. दिसलं ते असं: ई-शून्य, ए-चार, ए-आठ, ई-शून्य. ओसीआरच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करताना मी बाइट इतके पाहिले आहेत की ही सुरुवात मला पाठ आहे. यूटीएफ-८ मधलं देवनागरीचं प्रत्येक अक्षर ई-शून्य ने सुरू होतं आणि पुढे ए-चार किंवा ए-पाच येतं. ई-शून्य, ए-चार, ए-आठ म्हणजे 'न'. चौथा बाइट पुढच्या अक्षराचा पहिला. लॉगमधली पहिली ओळ आठवली. तोच 'नमस्कार'.

लॉगिन केल्यावर स्वागत दिसण्यात गैर काही नाही. ट्रॅम्प मजकुराच्या शेवटी प्रॉम्प्ट शोधतं, आधी आलेलं सोडून देतं. प्रश्न असा होता की कोणी लॉगिन करून बसलेलंच नसताना, फक्त फाइल नेण्यासाठी उघडलेल्या जोडणीत तो का उमटतोय. हे तपासायची एक जुनी, सुंदर युक्ती आहे, ती आरसिंक या फाइलींच्या प्रती जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या माहितीपुस्तिकेत दिलेली आहे. एसएसएचने सर्व्हरवर 'ट्रू' ही कमांड चालवायची आणि जे बाहेर येईल ते एका फाइलमध्ये साठवायचं. 'ट्रू' काहीही छापत नाही. म्हणून त्या फाइलचं आकारमान शून्यच यायला हवं.

माझ्या फाइलचं आकारमान २२ बाइट आलं. 'नमस्कार'मध्ये हलन्त आणि काना धरून सात चिन्हं आहेत. सात त्रिक एकवीस, आणि ओळ संपल्याचा एक.

पुण्याला पुन्हा फोन केला. हा नमस्कार कोणत्या फाइलमध्ये लिहिलाय असं विचारलं. त्याने तो 'इटीसी' या सामाईक सेटिंगच्या फोल्डरखालच्या झेडएसएच-ईएनव्ही या फाइलमध्ये ठेवला होता. सगळ्यांना दिसावा म्हणून सगळ्यांसाठी नक्की वाचली जाणारी फाइल त्याने निवडली होती आणि तिथेच गोम होती. झेडएसएच सुरू होताना बऱ्याच फाइली वाचतो, पण त्यांचे प्रसंग वेगळे असतात. आरसी फाइल कोणीतरी समोर बसून टाइप करणार असेल तेव्हा वाचली जाते. लॉगिन फाइल लॉगिनच्या वेळी. ईएनव्ही मात्र प्रत्येक वेळी, एखादा प्रोग्राम क्षणभरासाठी शेल उघडतो तेव्हासुद्धा. तिचा पहिला नंबर असल्यामुळे माझ्या होम फोल्डरमध्ये काहीही लिहून मला तो थांबवता येणार नव्हता. दुरुस्ती त्यालाच करावी लागणार होती.

मला तो नमस्कार काढायचा नव्हता. जर्मनीतल्या एका मशीनवर शिरल्यावर पहिला शब्द मराठी दिसतो याचं मला अप्रूप आहे, आणि त्याने तो आपण होऊन घातला होता. "तो लॉगिनच्या फाइलमध्ये हलव," एवढंच मी म्हणाले. त्याने तिथल्या तिथे ओळ हलवली. मी 'ट्रू'ची चाचणी पुन्हा केली, शून्य बाइट. अग्रलेख उघडला.

फोन ठेवण्याआधी मी त्याला आणखी एक विचारलं. रात्रीचा बॅकअप कशाने होतो? संस्थेच्या कार्यालयातलं एक मशीन रोज रात्री आरसिंकने सर्व्हरवरून सगळं ओढून घेतं, हे मला ठाऊक होतं. आरसिंकही एसएसएचमधूनच बोलतं आणि त्यालाही समोरून आधी आलेला एकही जादा बाइट चालत नाही. त्याने लॉग उघडला. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग वाचून दाखवलं: नियमावलीची आवृत्ती जुळत नाही, तुमचा शेल स्वच्छ आहे ना? सर्व्हर हलवल्याच्या रात्रीपासून रोज हीच ओळ होती. तेव्हापासून एकदाही बॅकअप झालेला नव्हता.

"ताई, बरं झालं तुमच्या फाइली उघडल्या नाहीत," तो म्हणाला. त्या रात्री त्याने बॅकअप हाताने चालवला आणि पूर्ण होईपर्यंत जागा राहिला. आता बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिली पायरी 'ट्रू'ची चाचणी आहे. शून्याऐवजी दुसरा आकडा आला तर स्क्रिप्ट थांबते आणि आम्हा दोघांना मेल येतो.

यानंतर दोन लहान गोष्टी उरल्या.

पहिली परवानगीची. फाइली उघडत होत्या, पण काही फोल्डरांत सेव्ह होत नव्हत्या. स्थलांतरात माझं नाव संपादकांच्या गटातून सुटलं होतं. त्याने मला गटात घातलं, तरी सेव्ह होईना. 'आयडी' कमांड चालवली तर त्यात नवा गट दिसेना. याचं कारण माझ्या बाजूला होतं. माझ्या एसएसएचच्या सेटिंगमध्ये एकदा केलेली जोडणी काही तास जिवंत ठेवायची सोय लावलेली आहे, पुढच्या सगळ्या जोडण्या तिच्यातूनच जातात, आणि ट्रॅम्पलाही मी स्वतःचे पर्याय न लावता हीच सोय वापरायला सांगितलेलं आहे. एवढ्या लांबच्या सर्व्हरसाठी ती फार उपयोगाची आहे. पण सर्व्हर आपले गट ठरवतो ते मूळ जोडणी होताना. तिच्यातून काढलेल्या नव्या फांद्यांना जुनेच गट मिळतात. एसएसएचला वजा मोठा ओ आणि 'एक्झिट' असं सांगून मूळ जोडणी बंद केली, ईमॅक्समध्ये ट्रॅम्प-क्लीनअप-कनेक्शन चालवलं आणि पुन्हा आत गेले. गट दिसला, फाइल सेव्ह झाली. सर्व्हरवर काही बदलूनही फरक पडत नसेल तर आधी जुनी जोडणी जिवंत आहे का ते बघावं. बरोबर केलेली दुरुस्ती चुकीची समजून उलटवली जाण्याचा धोका इथे असतो.

दुसरी वेगाची. सांगलीहून त्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला एका निरोपाला सव्वाशे ते दीडशे मिलिसेकंद लागतात. एका निरोपाला हे काहीच नाही, पण एक फाइल उघडताना किती निरोप जातात ते मला लॉगमध्ये दिसलं होतं. त्यातले बरेच आवृत्ती-नियंत्रणाचे, म्हणजे फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामांबद्दलचे, होते. ही फाइल आरसीएसमध्ये आहे का, सीव्हीएसमध्ये, एसव्हीएनमध्ये, गिटमध्ये, मर्क्युरियलमध्ये, असं ईमॅक्स एकेकाबद्दल विचारतं आणि त्यासाठी फोल्डरच्या वरच्या फोल्डरात, त्याच्या वरच्यात असं चढत जातं. आपल्या मशीनवर हे जाणवत नाही. जर्मनीपर्यंत प्रत्येक प्रश्न पाठवायचा म्हटलं की सेकंद जातात. दूरच्या फाइलींसाठी ही विचारणाच बंद करता येते, ट्रॅम्पच्या नावांचा नमुना आवृत्ती-नियंत्रणाच्या वगळायच्या यादीत घातला की झालं. मी तसं केलं. गिटचं काम मी तसंही टर्मिनलमधून करते. फरक लगेच जाणवला.

कुलपाची फाइल मात्र मी ठेवली आहे. ईमॅक्स २८ पासून दूरच्या फाइलवरही 'कोणीतरी ही संपादित करत आहे' अशी खूण ठेवता येते. ती बंद केली तर आणखी काही निरोप वाचतील, पण दोघींनी एकाच वेळी एकच अग्रलेख उघडला तर कळणार नाही. तेवढा उशीर मला मान्य आहे. ऑटोसेव्हच्या प्रती आपल्याच मशीनच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडत होत्या. मशीन पुन्हा सुरू केलं की तो फोल्डर रिकामा होऊ शकतो, म्हणून त्या प्रतींसाठी ट्रॅम्पला एक कायमचा फोल्डर नेमून दिला. सांगलीत पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा याचा उपयोग होतो.

सगळं मार्गी लागल्यावर ट्रॅम्प-व्हर्बोस परत ३ वर आणलं. ६ वर ठेवलं तर लॉग लिहिण्यातच वेळ जातो, आणि त्या बफरमध्ये छोट्या फाइलींचा अख्खा मजकूर बेस-६४ मध्ये उतरलेला असतो. सहकाऱ्याला लॉग पाठवताना मी म्हणूनच फक्त प्रॉम्प्टच्या आसपासचा तुकडा कापून पाठवला होता.